वाचायला आवडतं म्हणजे चालतं, असं कुणी सांगितलं?

एका २६ वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते.

ती मूळची नाशिकची. पुण्यात नोकरी करते, मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर राहते. कॉलेजपासून प्रेमकथांचं वेड, त्यातही 'डार्क रोमान्स'चं: नायिकेला पळवून नेणारा, तिच्यावर पहारा ठेवणारा, 'तू फक्त माझी' म्हणणारा नायक. झोपण्याआधी ती मोबाइलवर ओटोमे गेम खेळते, म्हणजे मुलींसाठी केलेले प्रेमकथेचे जपानी धर्तीचे गेम, ज्यांत नायिकेने काय करायचं ते खेळणारी निवडते. त्यातलं तिचं आवडतं पात्र 'यान्देरे' प्रकारातलं, म्हणजे प्रेमापायी वेडंपिसं होणारं. चार महिन्यांपूर्वी तिचा साखरपुडा झाला. लग्न फेब्रुवारीत आहे. स्थळ घरच्यांनी आणलेलं, पण मुलगा तिलाही आवडला होता. दोन महिन्यांपूर्वी त्याने तिच्या फोनमधली पुस्तकं आणि गेम पाहिला आणि हसून म्हणाला, "अच्छा, असं आवडतं होय तुला!"

तेव्हापासून तिचं लोकेशन कायम चालू असावं असा त्याचा आग्रह आहे. एकदा जेवायला गेले असताना त्याने तिच्या हातातून फोन घेतला आणि ऑफिसमधल्या सहकाऱ्याच्या मेसेजला स्वतःच उत्तर लिहिलं. गेल्या महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती "नको, इथे नको" म्हणत असताना त्याने मनगट धरून तिला ओढलं आणि चुंबन घेतलं. ती चिडली, तर म्हणाला, "पुस्तकातल्याने केलं की आवडतं, मी केलं की नको?" ती हसली आणि विषय तिथेच संपला. घरी येऊन तिने गेम डिलीट केला, पुस्तकंही काढून टाकली.

ती विचारते: "दोष माझ्या आवडीत आहे का? मीच त्याला हे शिकवलं का? आई म्हणते, काळजी वाटते म्हणून विचारतो. हॉलचे पैसे भरून झालेत. आणि एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. त्याने पहिल्यांदा माझा फोन घेतला, तेव्हा मला थोडं बरंही वाटलं होतं."

प्रिय मैत्रिणी,

पार्किंगमधल्या त्या संध्याकाळपासूनच सुरुवात करते. तू "नको, इथे नको" म्हणालीस. त्याने ते ऐकलं आणि तरी मनगट सोडलं नाही. त्या वेळी तुझ्या फोनमध्ये कुठली पुस्तकं होती याचा त्या 'नको'शी काडीचाही संबंध नाही. तू त्याला काही शिकवलेलं नाहीस. 'नको'चा अर्थ त्याला चांगला कळतो. ऑफिसात साहेब नको म्हणाले की तो थांबतच असेल.

तू हसलीस, त्याचा सल तुझ्या पत्रात तीनदा आला आहे. अगं, ते हसू आपण सगळ्याच जणी लहानपणी शिकतो. लग्नघरात कुणा काकांच्या मित्राने नको तितका वेळ खांद्यावर हात ठेवला की मुली असंच हसतात. वेळ निभावून न्यायची असते, समोरच्याला दुखवायचं नसतं आणि आतून पाय लटपटत असतात. त्या हसण्याला होकार समजू नकोस. त्यानेही समजू नये.

आता त्याचा तो प्रश्न. तो मी उडवून लावणार नाही, कारण तो अनेक जणींना ऐकावा लागतो आणि उत्तर न सुचल्यामुळे त्या गप्प बसतात. गोष्टीतल्याने केलं की आवडतं, मग खऱ्याने केलं की का नको?

तुझा गेम डोळ्यांसमोर आण. यान्देरे नायक दाराशी उभा आहे. "तू कुठेही जाणार नाहीस," म्हणतो. पडद्यावर तीन पर्याय येतात. पुढे काय होतं? काहीच होत नाही. तू उठून गॅसवरचं दूध उतरवून येतेस, आईचा फोन घेतेस, वीस मिनिटांनी परत येऊन बसतेस, तर तो अजून तिथेच उभा असतो. तू बोट टेकवल्याशिवाय त्याला पुढचा शब्द उच्चारता येत नाही. नाही आवडलं तर आधी सेव्ह केलेल्या जागेवरून तू पुन्हा सुरू करतेस. पुस्तकातल्या नायकाचंही तेच. तू पान उलटलं नाहीस तर तो नायिकेपर्यंत पोचत नाही. एवढा हुकूम गाजवणारा माणूस, पण तो पूर्णपणे तुझ्या हुकमात असतो. म्हणून तर त्या भीतीत गंमत वाटते. जत्रेतल्या पाळण्यात पोटात गोळा येतो आणि आपण हसत किंचाळतो, कारण तिकीट आपण काढलेलं असतं आणि पाळणा थांबणार हे ठाऊक असतं. गच्चीच्या कठड्यावरून कुणी ढकललं तरी पोटात गोळा येईलच. पण त्याला कुणी गंमत म्हणणार नाही.

पार्किंगमध्ये पर्याय पडद्यावर आले नाहीत. तुझ्या बोटासाठी कुणी थांबलं नाही. तुला जे वाचायला आवडतं त्याच्या नेमकं उलट त्याने केलं, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही, किंवा त्याला लक्षात घ्यायचं नाही. या दोन्हींत फार फरक आहे. त्याच्याकडे मी पुढे येते.

आधी तुझ्या अपराधीपणाबद्दल. अशा गोष्टी आवडणं हा रोग नव्हे. ओटोमे गेमची सुरुवात ज्याच्यापासून मानतात तो 'अँजेलिक' १९९४ साली जपानमध्ये आला, आणि तो बायकांच्याच चमूने बायकांसाठी केला होता. अमेरिकेत १९७०च्या दशकात ज्या जाडजूड ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या लाखांनी खपल्या, त्यांत सुरुवातीलाच नायक नायिकेवर जबरदस्ती करतो आणि शेवटी दोघांचं प्रेम जमतं. लिहिणाऱ्या बायका आणि वाचणाऱ्याही बायकाच. आजच्या वाचकाला ते वाचवत नाही. पण ज्या समाजात चांगल्या घरच्या मुलीने 'मला हवंय' म्हणणं हेच पाप, तिथे कथेने एक पळवाट काढली: निर्णय त्याने घ्यायचा, म्हणजे हिच्यावर बोल येत नाही. हिला हवं ते मिळतं आणि हिचं नाव स्वच्छ राहतं.

आपल्याकडे ही पळवाट अनोळखी नाही. मी कॉलेजात असताना वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्या वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायचे. त्यांतली नायिका "इश्श, नको ना" म्हणायची आणि पुढच्या ओळीत लेखक सांगायचा की तिच्या डोळ्यांत होकार होता. डोळ्यांतला होकार वाचायचा अधिकार कायम त्याच्याकडे. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीने मान खाली घातली की मोठी माणसं 'मौनं सम्मतिलक्षणम्' म्हणून मोकळी व्हायची. या वचनाने आपल्या घरांत फार नुकसान केलं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. गप्प बसलेल्या मुलीला दहा कारणं असतात, आणि होकार हे त्यांतलं एखादंच.

म्हणजे गोष्टी निरुपद्रवी असतात का? तसंही मी म्हणणार नाही, कारण तूच खरं ते लिहिलं आहेस. त्याने फोन घेतला तेव्हा तुला थोडं बरं वाटलं. ते वाटणं खोटं नव्हतं. कुणाच्या तरी आयुष्यात आपण एवढ्या महत्त्वाच्या आहोत ही भावना सुखाचीच असते. पण 'हातातून फोन घेतला' या कृतीवर 'प्रेम' ही चिठ्ठी तुझ्या मनात कुणी डकवून ठेवली होती? इथे वर्षानुवर्षांच्या वाचनाचा वाटा आहे. कथा नायकाच्या मत्सराचं कारण आपल्याला आतून दाखवते. त्याचं एकाकी बालपण, त्याची रात्रीची तळमळ, सगळं आपण वाचतो, म्हणून त्याचा पहारा माफ करतो. खऱ्या माणसाचं मन असं पानावर उघडं नसतं, मग आपण तिथे गोष्टीतलं मन भरतो.

गेम याहून सूक्ष्म गोष्ट शिकवतात आणि ती गोड गेमही शिकवतात. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा, साधा, सुंदर गेम, २०१६ सालचा. त्यात गावातल्या माणसाला आठवड्यात दोन भेटवस्तू द्यायच्या, की त्याच्या नावापुढची बदामं भरत जातात. आठ बदामं झाली की पुष्पगुच्छ देता येतो, दहा झाली की लग्नाची मागणी घालता येते. मला तो गेम मनापासून आवडतो. पण भेटी देत राहिलं की समोरच्याचा होकार जमा होत जातो, हा हिशेब खऱ्या आयुष्यात आला की घात होतो. "मी तुझ्यासाठी एवढं केलं, मग आता नाही कसं म्हणतेस?" हे वाक्य त्याच हिशेबातून येतं.

उलट बाजूचं एक उदाहरण देते. २०२३ साली आलेल्या 'बाल्डर्स गेट ३' या गेममध्ये अस्टेरियन नावाचं, रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायरचं पात्र आहे. दोनशे वर्षं त्याच्या मालकाने त्याचं शरीर आमिष म्हणून वापरलेलं. एका प्रसंगी एक बाई त्याला म्हणते, मला चाव, मोबदल्यात तुम्हाला फार मौल्यवान औषध देते. त्याला ते नको असतं. आता खेळणाऱ्यापुढे प्रश्न: त्याच्यावर दडपण आणून औषध पदरात पाडून घ्यायचं, की त्याचं 'नको' मानायचं? दडपण आणलं तर तो ऐकतो, पण ते त्याला खुपतं आणि नातं दुखावतं. बाजूने उभं राहिलं तर पुढे तो त्याबद्दल आभार मानतो. संमतीवरची भाषणं ऐकून जे कळत नाही ते तो छोटा प्रसंग कळवून जातो, कारण तिथे लोभ तुमचा असतो आणि 'नको' दुसऱ्याचं. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला गेमची भाषा समजत असेल तर हा प्रसंग त्याला खेळायला दे. आणि तो काय निवडतो ते शेजारी बसून बघ.

आता त्याच्याबद्दल. मला त्याची बाजू माहीत नाही. कदाचित त्याला खरंच वाटलं असेल की हिला हे आवडतं, आपण हिच्या मनासारखं वागतोय. तसं असेल तरी एक चूक उरतेच. त्याने अंदाज बांधला, विचारलं नाही. "हे तू वाचतेस, यातलं आपल्यात काही हवंय का तुला?" एवढं एक वाक्य पुरलं असतं. अशा कल्पना मजेने एकत्र अनुभवणारी जोडपीही असतात. पण ती आधी बसून बोलतात, काय चालेल आणि काय नाही ते ठरवतात, एक शब्द ठरवून ठेवतात की तो उच्चारला की सगळं तिथल्या तिथे थांबतं. आणि कालचा होकार आज मागे घेता येतो. हे काहीच नसताना नुसतं मनगट धरणं म्हणजे तुझी गोष्ट चोरून स्वतःच्या सोयीने वापरणं.

त्याच्याशी एकदा नीट बोल. भांडणाच्या भरात नको, फोनवर नको. दिवसाउजेडी, चार माणसं आजूबाजूला असतील अशा ठिकाणी. स्पष्टीकरणं देत बसू नकोस. "पार्किंगमध्ये मी नको म्हणाले आणि तू थांबला नाहीस. मला भीती वाटली. पुन्हा असं चालणार नाही. मी काय वाचते त्यावरून मला काय चालतं हे ठरवायचं नाही," इतकंच. मग गप्प राहा आणि तो काय करतो ते बघ. माफी चांगलीच, पण माफीवर विसंबू नकोस. त्यानंतर येणाऱ्या पहिल्या 'नाही'ला तो कसा वागतो त्यावर लक्ष ठेव. लोकेशन बंद कर आणि तसं त्याला सांग. एखाद्या रविवारी भेटायला येत नाही म्हण, कारण न देता. या छोट्या नकारांना रुसवे, टोमणे, वीस मिस्ड कॉल, तुझ्या आईला फोन, असं उत्तर आलं, तर लग्नानंतरच्या मोठ्या नकारांचं काय होईल ते तुला दिसेल. तो ओशाळला, प्रश्न विचारू लागला, "मला वाटलं होतं की…" म्हणून स्वतःच अडखळला, तर लग्नाआधी दोघं मिळून समुपदेशकाकडे जा. तारीख पुढे ढकलावी लागली तर ढकला. आणि बोलायला जायचीच भीती वाटत असेल, तर ती भीतीच तुझं उत्तर आहे. मग एकटी जाऊ नकोस.

कायद्याचं थोडं सांगते. तू लगेच पोलिसांत जावंस असं मी सुचवत नाही, पण शब्दांचे अर्थ ठाऊक असलेले बरे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये संमतीची व्याख्या आहे: शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य प्रकारे, त्या विशिष्ट कृतीसाठी दिलेला निःसंदिग्ध, स्वेच्छेचा होकार. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरायचं नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. कलम आहे बलात्काराचं, पण होकार कशाला म्हणायचं ते समजायला त्याहून चांगली वाक्यं मला माहीत नाहीत. 'त्या विशिष्ट कृतीसाठी' हे शब्द नीट वाच. साखरपुडा हा त्यातला होकार नव्हे, आणि वाचनयादी तर नव्हेच. मात्र याच कलमात अपवाद आहे: पत्नी १८ वर्षांखालची नसेल तर नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीला बलात्कार मानत नाहीत. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लैंगिक छळाची दखल घेतो, पण तो मार्ग वेगळा. म्हणून म्हणते, जे विचारायचं ते अक्षता पडण्याआधी विचार.

पुढच्या रस्त्याला एकटं वाटेल तेव्हा रखमाबाई आठव. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुलीवर मुंबईत १८८४ साली नवऱ्याने नांदायला येण्यासाठी दावा लावला. १८८७ साली न्यायालय म्हणालं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. जाणत्या वयात न दिलेल्या संमतीचं लग्न मी मानत नाही, तुरुंगात जाईन, असं तिने सांगितलं. १८८८ साली प्रकरण तडजोडीने मिटलं आणि पुढे ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली. तिच्यापुढे तुरुंग होता. तुझ्यापुढे हॉलचे पैसे आहेत. ते लहान नाहीत, तुझ्या वडिलांनी कष्टाने भरलेत हे मी समजू शकते. पण हॉलवाल्याशी बोलता येतं, तारीख बदलता येते, काही रक्कम बुडाली तर ती मोजता तरी येते.

फोनचंही उरकून घे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून अनोळखी काही जोडलेलं आहे का ते पाहा. पासवर्ड बदल, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू कर. तो रागीट असेल तर हे करण्याआधी फ्लॅटवरच्या एकीला विश्वासात घे, कारण पाळत तुटल्यावर काही माणसं जास्त चवताळतात. मेसेज पुसून टाकू नकोस, कधी लागले तर असावेत. मन फार घाबरं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि महिला हेल्पलाइनचा १८१ हे क्रमांक आहेत. तातडीची वेळ आली तर ११२.

अशीच काळजी असलेल्या आयांचीही पत्रं येतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या फोनमध्ये असं काही दिसलं तर हिसकावून घेऊ नका. हिसकावणं हेच तर त्या नायकाचं वागणं आहे. तिच्यासोबत एक प्रकरण वाचा आणि विचारा, "इथे तिला काय वाटलं असेल? ती निघून गेली असती तर तो काय करता?" फॅनफिक्शनच्या, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर लिहिलेल्या कथांच्या, मोठ्या संकेतस्थळांवर कथेच्या माथ्यावरच सूचना असते, आत जबरदस्ती आहे, हिंसा आहे, वगैरे. वाचणारी डोळे उघडे ठेवून आत जाते किंवा जात नाही. मराठीत मोबाइलवर प्रेमकथा लिहिणाऱ्या मैत्रिणींनी ही पद्धत उचलावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. दोन ओळींनी कथेचा रंग उडत नाही.

तुझ्या पुस्तकांचं तू ठरव. कंटाळा आला म्हणून काढली असशील तर ठीक. त्याच्या त्या वाक्याच्या धाकाने काढली असशील तर परत घे. पुन्हा वाचताना नायकाने दार अडवलं की स्वतःला विचार, ही आत्ता नको म्हणाली तर हा बाजूला होईल का? गोष्ट आवडली तरी हा प्रश्न विचारता येतो. मी विचारते, आणि तरी वाचते.

आणखी एक. तुझ्या पत्रावरून वाटतं की आईला फक्त लोकेशनचं आणि मेसेजचं सांगितलं आहेस. "काळजी वाटते म्हणून विचारतो" हे तिचं उत्तर तेवढ्याच माहितीवरचं आहे. या शनिवारी नाशिकला जा. संध्याकाळी घरचे सगळे टीव्हीपुढे असतील तेव्हा तिला स्वयंपाकघरात गाठ आणि पार्किंगमधलं सांग, तू 'नको' म्हणालीस तिथपासून. मग ती काय म्हणते ते मला लिही.

तुझी,
ताई